वाटाणे वाढले

आमच्या नातीचं तोंड कुणावर गेलंय, असं कुणी विचारलं की लोक हळूच माझ्याकडे बघतात. बघू देत. पण जो शब्द मी उभ्या जन्मात या जेवणघरात उच्चारला नाही, तो तिने आज दुपारी खुशाल उच्चारला. तोही कुणाला, तर बेकरीवाल्याला! आमचा रोजचा पाव त्याच्या भट्टीतला. सगळ्यांची जेवणं उरकली की तो येतो, केसांत पीठ, बाह्या वर, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. आज तो दारात आला आणि गल्ल्यावर बसलेली ही बया मान वर न करता म्हणाली, "संपलं."

आत पातेलंभर वाटाणे होते. मीच ढवळून आले होते.

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं."

कारण मला ठाऊक आहे. लांबच्या शहरात त्याला मोठी भट्टी सांभाळायला बोलावलंय आणि उद्या त्याला हो की नाही ते कळवायचंय. परवा त्याने हिला विचारलं, "जाऊ का?" आता ज्याला खरंच जायचं असतं तो विचारत बसतो होय? पण ही म्हणाली, "जा की, मी काय दोरी बांधलीय?" तेव्हापासून हिचं नाक वर आणि त्याची मान खाली.

हे जेवणघर माझ्या वडिलांचं. आसपासच्या मळ्यांतून सकाळी जे टोपलीतून येईल तेच दुपारी शिजायचं. भोपळ्याचे दिवस असले की भोपळा, मुळ्याचे असले की मुळा, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तरी मुळाच. आम्ही ते गरजेपोटी करायचो, नात त्याचंच कार्ड छापते. कुठल्या मळ्यातला पालक, कुणाच्या परसातलं लिंबू, सगळं त्यावर लिहिलेलं. लोक लांबून गाड्या करून येतात, ताटाचा फोटो काढतात आणि भाजी गार झाली की खातात. चालायचंच. पोरगी हुशार आहे, हाताला चव आहे. फक्त अक्कल कुठे वापरायची ते कळत नाही.

तर तो शब्द. बांगडी फुटली तर बायका 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. तसंच बाबांचं जेवणघरात होतं. अन्नाच्या बाबतीत 'संपलं' म्हणायचं नाही. पातेल्याचा तळ दिसला की 'वाढलं' म्हणायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते पाठ होतं. भाजी वाढली म्हटलं की बिचारे भात-आमटीवर भागवायचे.

पण नवखा माणूस काय समजणार?

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. वेणी कमरेखाली, आणि जीभ... जाऊ दे. थंडीचे दिवस होते. खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. दार उघडलं, गार वारा आत आला आणि त्याच्यामागून एक उंच माणूस. चालला की खिशात काहीतरी खुळखुळायचं. बाजारातले तराजू दुरुस्त करणारा तो काटेवाला. खिशात छोटी छोटी वजनं. वाटाण्याचा बाजार चालेल तोवर इथले काटे नीट ठेवायचे, मग पुढच्या गावी जायचं, असं त्याचं काम.

तो बसला, मी ताट ठेवलं आणि तेवढ्यात आतून पातेलं खरवडल्याचा आवाज आला. मी नेहमीसारखी ओरडले, "भाजी वाढली हो!"

लोक जेवले, उठले, हात धुऊन गेले. मी फडकं घेऊन टेबलं पुसत आले तर हा तसाच. हातात पावाचा तुकडा, समोर मोकळं ताट.

"तुम्ही अजून बसलात?"

"भाजीची वाट बघतोय."

"वाढली म्हटलं ना मघाशी!"

"ऐकलं मी." त्याने ताटात वाकून बघितलं, मग ताट उचलून खालीही बघितलं. "कुणाला वाढली?"

मला जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबून आत पळाले. बाबांनी बाहेर येऊन त्याला अर्थ समजावला, तसा तो कानापर्यंत लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी आलाच. दारातच विचारलं, "वाढणारी कुठाय?"

"इथे चार जण वाढतात," बाबा म्हणाले.

"ती... न वाढता वाढली म्हणणारी."

मग रोजचंच झालं. खिशातली खुळखुळ रस्त्याच्या टोकाला ऐकू आली की मी उगीचच वेणी पुढे घ्यायची, परत मागे टाकायची.

"मीठ जरा कमी आहे," तो म्हणायचा.

"काट्यावर तोलून बघितलंत का?"

"जीभ हाही काटाच. माझी बरोबर आहे. तुमचीच एका बाजूला झुकते."

"कुठल्या बाजूला?"

"टोचायच्या."

असं बोलून खाली बघून जेवत राहायचा, जसं काही बोललाच नाही! संध्याकाळी मागच्या पायरीवर मी वाटाणे सोलत बसले की हा पलीकडे बसून शेंगा हातात घ्यायचा. सोलायचा कमी, खायचा जास्त. एकदा दाणे ताटात टाकताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... दोघांनीही हात मागे घेतला नाही. दोघंही ताटाकडे बघत होतो. वाटाण्यात इतकं बघण्यासारखं काय असतं, देव जाणे.

पण मळ्यातले वेल वाळायला लागले. टोपल्या लहान झाल्या. एका सकाळी बाबांनी अर्धीच टोपली आणून ठेवली आणि म्हणाले, "झालं. आता पुढच्या साली." वाटाण्याचा बाजार उठला म्हणजे काट्यांचं काम उठलं.

त्या दुपारी मी हात आखडून वाढलं. लोक कुरकुरले. मी म्हटलं, पोटं वाढलीत तुमची, जरा कमी खा. आणि एक वाटी भाजी झाकून वरच्या फळीवर ठेवली.

तो सगळ्यांच्या शेवटी आला. खांद्याला पिशवी, अंगात प्रवासाचा कोट. संध्याकाळच्या गाडीने जायचं होतं. आता वाटी काढून पुढे ठेवायला मला काय धाड भरली होती? पण आपण होऊन ठेवायची? जाणारा खुशाल निघालाय आणि मी त्याच्या पुढ्यात वाट्या मांडू? मी टेबल पुसत म्हटलं, "वाटाणे वाढले."

त्याने पिशवी खाली ठेवली. कोट काढला. बसला. ताट पुढे ओढलं आणि शांतपणे म्हणाला, "मग येऊ देत."

"वाढले म्हणजे... इतक्या दिवसांत कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं." तो माझ्याकडे बघत होता, आज ताटाकडे नाही. "पण कळल्यासारखं वागलो तर उठावं लागेल. आणि मला उठायचं नाही."

माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"गाडी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"बाबा विचारतील."

"मलाच विचारतील ना? सांगेन मी."

मी आत गेले. भरल्या पातेल्यातून थेंब न सांडता वाढणारी मी, पण फळीवरून ती वाटी काढताना थोडा रस पदरावर सांडला. वाटी समोर ठेवली. त्याने झाकण उचललं, वाटी तळहातावर तोलली आणि म्हणाला, "अंदाजाने सांगतो. ही दोन माणसांची आहे."

"मग बसते," मी म्हटलं. आणि त्या जेवणघरात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले.

बाबा पळी घेऊन बाहेर आले. एका वाटीत दोन चमचे बघितले. "गाडी चुकली वाटतं?"

"हो," तो उठून उभा राहिला. "तुमचा स्वयंपाकघरातला काटा बिघडलाय, असं ऐकलं."

"कोण म्हणालं?"

"मी," मी म्हटलं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किती दिवसांचं काम आहे?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जरा... लांबणारं आहे."

लांबलंच. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी काटा दुरुस्त होतच होता. मी चिडले की ते खिसा खुळखुळवायचे आणि मला हसू यायचं. आता तीन थंड्या झाल्या, ती खुळखुळ नाही. ते गेले तेव्हा माणसं भेटायला आली, कुणीतरी म्हणालं, सगळं संपलं हो. मी म्हटलं, या घरात तो शब्द चालत नाही. दुसरा काहीतरी बोला नाहीतर गप्प बसा. काटा अजून त्याच जागी आहे आणि अजून बरोबर तोलतो.

म्हणून तर आज दुपारी माझं डोकं फिरलं. मी खिडकीची काच पदराने पुसली. बेकरीवाला गेला नव्हता. फुटपाथवर वाकून सायकलची चेन बसवत होता. चेन पडलेलीच नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि आत ही महाराणी तोच तो ग्लास पुसत उभी. इतका पुसला की काच झिजायची.

मी गल्ल्याशी गेले.

"आजी, तू मध्ये पडू नकोस," ती आधीच म्हणाली.

"मध्ये कोण पडतंय? मी मालकीण आहे, माझ्या जेवणघरात उभी आहे."

"तो जायला निघालाय. जाऊ दे की."

"सायकल हातात असून हललेला नाही, त्याला निघाला म्हणतात?"

तिने खिडकीकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. पण ग्लास ठेवला. तेव्हा मी तिला जे सुनावलं ते आतल्या भांडीवाल्या बाईनेही ऐकलं, आणि ऐकू दे.

"हे बघ गं. पातेलं भरलंय, तुझे डोळेही भरलेत, आणि म्हणतेस संपलं? तो शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. दारात जा आणि त्याला नीट सांग, वाटाणे वाढले. अर्थ त्याला चांगला ठाऊक आहे. ठाऊक असूनही आत येऊन ताटासमोर बसला, तर माणूस तुझा. मोठी भट्टी काय, मागच्या अंगणात बांधू. आणि 'बरं' म्हणून सायकलवर बसला, तर खुशाल जाऊ दे... पाव काय, कुठेही मिळतो."