ताईची लाइन

निवडणुकीआधी महिनाभर रोज सकाळी अकराला माझा फोन वाजायचा. पलीकडे खुद्द साहेब, अख्ख्या देशाचे पुढारी. आधी माझं नाव घ्यायचे, मग म्हणायचे, "तुमच्या घरचाच माणूस बोलतोय."

"हुरळून जाऊ नकोस, मावशी," भाची हसली. "लाखो लोकांना एकदम जातो तो फोन. कॉम्प्युटर नुसती नावं बदलतो."

मला का ते शिकवायचं? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली मी. शेजारच्या बोर्डावर माझी ताई, याच भाचीची आई. आवाजापेक्षा आवाजामागचं आम्हाला जास्त ऐकू यायचं.

शेवटी शेवटी ताई साहेबांसाठी वेडी झाली होती. दिवसभर मोबाइलवर त्यांचीच भाषणं. "तो आपल्यासारख्यांचं ऐकतो गं," म्हणायची. एकदा मी बोलून गेले, "जन्मभर फोन जोडलेस आणि पलीकडे कोणी ऐकत नाही, एवढं तुला कळेना?" ती ताटावरून उठली. दीड वर्ष आम्ही बोललो नाही. मग ती गेलीच.

हे फोन सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी साहेबांच्या आवाजामागे टकटक ऐकू आली. दोनदा. लाइन चालू आहे ना, हे बघायला ताई माउथपीसवर नखाने अशीच टिचकी मारायची.

भाचीला ऐकायला दिलं. तिने फोन कानाला लावला, लगेच परत केला. "काही नाहीये," म्हणाली. त्यानंतर ती अकराच्या सुमाराला आली नाही.

मी मात्र वाट बघू लागले. साहेब नोकऱ्या वाटायचे, शत्रूंना धडा शिकवायचे. मी मागची खोली ऐकायची. पंख्याची घरघर. सरकलेली खुर्ची. एकदा ताईचा कोरडा खोकला.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मी मध्येच बोलले. "ताई, चुकलं माझं."

साहेब अर्ध्या वाक्यात थांबले.

"मी आहे गं," मी म्हणाले.

आधी श्वास आला. मग तिचा आवाज. तरुणपणचा, ड्यूटीवरचा.

"नमस्कार. आपलं मत कोणाला?"

जन्मात तिने मला 'आपण' म्हटलं नव्हतं.

"अगं, मी धाकटी..."

"आपलं मत कोणाला?"

मी साहेबांचं नाव घेतलं. निदान खूश होऊन एकदा हाक मारील म्हणून.

"धन्यवाद," ताई म्हणाली, आणि लाइन तुटली.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा फोन वाजू लागला.