दिवसाला एक मिलिमीटर

अब्बांचं बोट भाजतंय, हे सगळ्यांत आधी कळलं ते शिरीनच्या नाकाला.

कारखान्यात सरसाचं (लाकूड चिकटवायच्या खळीचं) भांडं शेगडीवर होतं आणि अब्बांची डावी तर्जनी भांड्याला टेकली होती. अब्बा, म्हणजे मिरजेत तंबोरे बनवणारे दस्तगीर तारवाले, तेव्हा पडद्यावर चंद्रावरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. साल होतं २०६८. चंद्रावरच्या वस्तीत गाण्याचा वर्ग निघाला होता, आणि वर्ग म्हटल्यावर तंबोरा आला.

"झालंच की!" अब्बा चंद्राला सांगत होते. "फक्त जवारी राहिलीय."

त्या दिवसापर्यंत तंबोऱ्याचा फक्त भोपळा कापून झाला होता.

"अब्बा, हात!" शिरीन ओरडली.

अब्बांनी हाताकडे पाहिलं. बोटावर टपोरा फोड आला होता. "अरे, हा तर माझाच," ते म्हणाले.

शिरीन अकरा वर्षांची होती आणि कोडं अर्धवट सोडणाऱ्यांतली नव्हती. बोट जागच्या जागी होतं. हाड शाबूत, रक्त फिरतंय, नख वाढतंय, वाक म्हटलं की वाकतंय. मग भाजल्याची बातमी वाटेत अडकली कुठे?

पंधरा दिवसांपूर्वी तोच भोपळा पोटाशी धरून, वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे स्वतःकडे पटाशी ओढत असताना अब्बांची पटाशी सटकली आणि डाव्या मनगटात घुसली. अब्बांनी आधी भोपळ्याला तडा गेलाय का ते बघितलं, मग मनगट. टाके पडले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेव्हापासून बधिर होती, पण अब्बांच्या मते ती 'जरा झोपली' होती.

नसांच्या दवाखान्यात डॉक्टर वसुधा आरवाडे यांनी विचारलं, "टाके घालताना बोटांचं कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"एकदम ठीक म्हणालो."

"का?"

"समोरच्याला नाराज करायचं नाही, अशी आमच्या धंद्यात रीत आहे," अब्बा म्हणाले.

आरवाडेबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"हे बघ शिरीन," त्यांनी कागदावर हात काढला. "नस म्हणजे हजारो धाग्यांची जुडी. एकेका धाग्याला अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) म्हणतात. स्पर्श कळवणारी चेतापेशी राहते मानेजवळ, पण तिचा धागा जातो थेट बोटाच्या टोकापर्यंत. तुझ्या अब्बांचे धागे मनगटात तुटले. पेशीपासून सुटलेला पुढचा भाग मरतो. मागचा जिवंत असतो, आणि तो पुन्हा वाढू शकतो."

"मग वाढत का नाही?"

"वाढायला वाट लागते. वाट दाखवतात श्वान पेशी."

"कुत्रे?"

"नाही गं. त्या शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचं आडनाव श्वान. या पेशी धाग्याला वेढून बसतात. धागा तुटला की मेलेल्या भागाचा कचरा उचलतात, रांग करून उभ्या राहतात आणि वाढीची रसायनं सोडतात. नवा धागा त्या रांगेचा हात धरून पुढे सरकतो. पण पटाशीनं तुमच्या नसेचा चार सेंटिमीटरचा तुकडाच खराब केलाय, दस्तगीरभाई. टोकं ओढून शिवली तर ताणानं तुटतील. आणि एवढ्या मोठ्या खिंडीत ना वाट, ना कामगार."

"कामगार बाहेरून आणता येतात का?" शिरीनने विचारलं.

आरवाडेबाई पहिल्यांदा हसल्या. "तोच तर उपचार. अब्बांच्या पोटाच्या चरबीतून मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा पेशी) काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांना श्वान पेशींचं काम शिकवायचं. मग विरघळणाऱ्या नळीत भरून ती नळी खिंडीत बसवायची. पेशी त्यांच्याच असल्यामुळे शरीर त्यांना परकं म्हणून हाकलत नाही."

अब्बांनी पोटावर हात ठेवला. "म्हणजे इतक्या वर्षांची बिर्याणी वाया नाही गेली!"

"आणि वेग?" शिरीनने विचारलं.

"दिवसाला साधारण एक मिलिमीटर. नखापेक्षा जोरात, पण गोगलगायीने हसावं इतपतच."

शिरीनने घरी येऊन सुतळी लावली. मनगटातल्या खिंडीपासून तर्जनीच्या टोकापर्यंत बावीस सेंटिमीटर. बावीस गुणिले दहा, म्हणजे दोनशेवीस दिवस. मालवाहू यान सुटायला नऊ महिने होते. जमण्यासारखं होतं, पण जेमतेम.

हे गणित जमायला हवं होतं, कारण जवारी. तंबोऱ्याची तार घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) नुसती टेकून चालत नाही. ती घोडीच्या पाठीला केसभर घासत राहिली पाहिजे. त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. त्यासाठी घोडी कानशीने केसाकेसाने घासायची. कुठेतरी चुकलंय हे कान सांगतो. कुठे चुकलंय हे मात्र बोटच सांगतं. उजवा हात घासतो आणि डावी तर्जनी तपासते. आता जवारी यंत्रानेही निघत असे, पण तसला तंबोरा अब्बांना फ्रिजमध्ये अडकलेल्या माशीसारखा ऐकू यायचा. बोट परत आलं नाही, तर अब्बांच्या हातची जवारी संपली होती.

नळी बसली. महिन्याभराने दवाखान्याने टिचकी नावाचा यंत्रमानव पाठवला. कुकरएवढा, रबरी बोट असलेला. वाढत्या धाग्यांच्या टोकावर टिचकी मारली की बोटांत झिणझिण्या येतात. ती जागा जसजशी पुढे सरकेल तशी नस पुढे सरकतेय असं समजायचं. बिचाऱ्याला मराठी कुणा कचेरीने शिकवली होती.

"कृपया हस्त प्रस्तुत करण्यात यावा," टिचकी म्हणाला.

"हात द्या म्हणतोय," शिरीनने भाषांतर केलं.

दर रविवारी अब्बा डोळे मिटायचे, टिचकी टिचकी मारायचा आणि अब्बा म्हणायचे, "आलीच की झिणझिण!" शिरीन तिथे पेन्सिलने खूण करायची. तिसऱ्या महिन्यात खुणा बोटाच्या मुळाशी पोचल्या. एवढी प्रगती पाहून आरवाडेबाई, बधिर बोटं भाजू नयेत म्हणून घातलेला जाड हातमोजा काढायला परवानगी देण्याच्या बेतात होत्या. शिरीनने तर चंद्राला कळवूनही टाकलं की तंबोरा महिनाभर आधीच तयार होतोय.

त्या रविवारी टिचकीचं रबरी बोट मध्येच अडकलं.

"आलीच की!" अब्बा डोळे मिटून म्हणाले.

"नोंद," टिचकी म्हणाला. "टिचकी मारण्यात आलेली नाही."



"अब्बा," शिरीनने पेन्सिल खाली ठेवली. "सगळ्या खुणा खोट्या?"

"तू पेन्सिल घेऊन अशी बघायचीस बेटा... तुला नाही कसं म्हणू?"

"मोजा काढला असता तर पुन्हा भाजलं असतं! आणि नाकाने किती वेळा सांगायचं?"

तिने सगळ्या खुणा खोडल्या. टिचकीने नव्याने तपासलं. खरी नस तळव्याच्या सुरुवातीला होती. आरवाडेबाई रागावल्या नाहीत. "नस तिच्या वेगानेच चाललीय," त्या म्हणाल्या. "तिला खोटं बोलता येत नाही. ते काम तुम्ही करत होतात."

मग मात्र अब्बा 'नाही' म्हणायला शिकले. ते त्यांना नस वाढवण्यापेक्षा जड गेलं. "नाही... अजून नाही... हां, आता थोडी." पेन्सिलच्या खुणा मुंगीच्या पावलांनी पुढे गेल्या. आठव्या महिन्यात झिणझिण तर्जनीच्या टोकाला टेकली. मग टिचकीने नवी परीक्षा घेतली. डोळे मिटलेले, आणि त्याने तर्जनीला स्पर्श केला.

"मधलं बोट," अब्बा म्हणाले.

"नोंद : असत्य."

पुन्हा तर्जनी. "मधलं." "असत्य." अब्बांचा चेहरा पडला. "खरं सांगतोय रे! आता खरं सांगतोय तर..."

टिचकीने नोंदीखाली रेघ मारली. शिरीनने मात्र वही उघडली. तिने टिचकीला वीस वेळा तर्जनीला हात लावायला सांगितलं, आणि मध्ये मध्ये हात न लावता नुसतं विचारायलाही. काहीच नाही तेव्हा अब्बा म्हणाले, "काही नाही." तर्जनीला लावला तेव्हा वीसपैकी वीस वेळा म्हणाले, "मधलं."

"टिचकी, नोंद खोड," शिरीन म्हणाली. "थापा मारणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. यांना खरंच मधल्या बोटाला लागतंय!"

आरवाडेबाईंनी पडद्यावरून मान डोलावली. "शाब्बास. पेशींनी वाट करून दिली, पण धागे हजारो. त्यांतले बरेचसे शेजारच्या बोटाच्या गल्लीत शिरले. मेंदूकडे मात्र जुनेच पत्ते आहेत. आता डोळ्यांनी बघत बोटाला हात लावायचा, रोज. मेंदू हळूहळू नवा पत्ता लिहून घेतो."

"हे सोपं आहे," अब्बा म्हणाले. "खुंट्यांवरच्या तारांची अदलाबदल झाली, तर आम्ही तंबोरा थोडाच फेकतो? कुठली खुंटी पिळली की कुठली तार चढते, ते नव्याने ध्यानात ठेवतो."

"तुमची ही वही मला हवीय," आरवाडेबाई म्हणाल्या. "इचलकरंजीच्या एका विणकर बाईंच्या दंडातली नस तुटलीय. त्यांना चारशे मिलिमीटर चालायचंय."

पुढचे दहा दिवस अब्बा तांदूळ, वाळू, रेशीम, कानशी असं सगळं बघत बघत चाचपत होते. अकराव्या दिवशी त्यांनी घोडी पुढे घेतली. डोळे मिटले. तर्जनी घोडीवरून फिरली आणि थांबली.

"मधल्या बोटाला खडा लागतोय," ते पुटपुटले. "म्हणजे तर्जनीखाली आहे." कानशीचे तीन हलके हात. आवाज खुलावा म्हणून तारेखाली सुताचा धागा सरकवला. तार छेडली.

आवाज आला आणि गेलाच नाही. भिंतीवरचे रिकामे भोपळेसुद्धा त्यात गुणगुणू लागले. शिरीनने तर्जनी घोडीवर ठेवली. अब्बांनी तिचं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. यान सुटायला सात दिवस होते.

तेवढ्यात चंद्रावरून गिऱ्हाइकाचा चेहरा पडद्यावर आला. "दस्तगीरभाई, झालं का?"

अब्बांनी सवयीने तोंड उघडलं. शिरीनने पेन्सिल उचलली.

"नाही," अब्बा म्हणाले. "चारपैकी एका तारेची जवारी झालीय. अजून तीन दिवस लागतील."

चंद्रापर्यंत आवाज जायला सव्वा सेकंद लागतो, यायला तेवढाच. पण या वेळी पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही.

मग काळजीचा आवाज आला, "दस्तगीरभाई, तब्येत बरी आहे ना?"