बदलायचं, की आहे तसंच?

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र रोज वाचत होतो, पुस्तकात खूण म्हणून ठेवत होतो, आणि पुस्तक मात्र पुढे सरकत नव्हतं.

आमची ओळख कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात झाली. मुलाने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना गेमिंग कॉम्प्युटर माझ्या खोलीत आला. बायको गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत मला खेळांचा नाद लागला, पण हे मी कोणाला सांगत नसे. त्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरचा तो डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, तिच्याही मांडीवर तसाच डबा.

"नातवाचा का?" मी विचारलं.

"माझाच. तुमचा?"

"माझा... म्हणजे मुलाचा... म्हणजे आता माझाच."

"तीन उत्तरं दिलीत. चालेल, एखादं खरं असेल."

मग तिने माझ्या डब्याच्या जाळीवर गाल फुगवून फुंकर मारली. सगळी धूळ माझ्या चष्म्यावर. तिने चष्मा काढून घेतला, आपल्या रुमालाने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. मी आभारसुद्धा मानले नाहीत... सुचलंच नाही.

दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर पॉवर सप्लाय पुरणार नाही. तो बदलला तर बोर्ड जुना पडतो. शेवटी जुना उरेल तो हा डबा. त्यापेक्षा नवाच घ्या."

"विचार करतो," म्हणून मी परत आलो. विचार करणं मला जमतं. ठरवणं जमत नाही.

पण दुकानातच आम्ही फोन नंबर आणि पत्ते दिले-घेतले होते, आणि मग आपापल्या घरून एकत्र खेळू लागलो. दोन गिर्यारोहक, एकाच दोराने बांधलेले. खेळात तिचं नाव वादळ, माझं गोगलगाय. ऐन उडीच्या वेळी माझं चित्र थिजायचं आणि ती दरीत लोंबकळायची.

"गोगलगाय, आहात का?" हेडफोनमधून आवाज यायचा.

"आहे... येतोय."

"या सावकाश. मी इथे लोंबकळतेय, मला कुठे घाई आहे?"

मग त्या खेळाचा नवा भाग आला. माझ्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होईना. तिचे मेसेज आले, मी प्रत्येकाला अंगठा पाठवला. म्हणून ते पत्र आलं –

"नुसते अंगठे पाठवता. लोक निरक्षर समजतील. एकच विचारते : बदलायचं ठरवलंय, की आहे तसंच चालवायचं? मला कळायला हवं. नाहीतर दुसरा जोडीदार बघावा लागेल."

बदलायचं? या वयात? मी स्वतःकडे नीट पाहिलं. गुडघे जुने, भिडस्तपणा त्याहून जुना. सुरुवात कुठून करणार? मी कॉम्प्युटर लावणंच बंद केलं.

"बाबा, खेळत का नाही हल्ली?" सुनेने एकदा विचारलं. मी पत्रच तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, पान उलटलं.

"मग घ्या की नवा. त्यांनी सगळं लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

"हे काय मागे. कुठलं कार्ड, किती मेमरी... तुम्ही पान उलटलंच नाहीत?"

जन्मभर पुस्तकं वाचलेला माणूस मी. "म्हणजे ती कॉम्प्युटरबद्दल विचारत होती?"

"मग कशाबद्दल?" सून म्हणाली, आणि माझा चेहरा पाहून तिने पत्र परत माझ्या हातात दिलं.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण मी पान पुन्हा उलटून पाहिलं. फक्त कॉम्प्युटरबद्दल? ज्या प्रश्नाची इतकी धास्ती घेतली होती, तो तिने विचारावा असं मला वाटत होतं तर...

सून उठता उठता म्हणाली, "त्यांनी नसेल विचारलं, तर तुम्ही विचारा."

मी लिहिलं –

"कॉम्प्युटर बदलायचं ठरलं. जुन्याला ठिगळं लावत बसणार नाही. मी मात्र बदलून मिळण्यातला नाही. थोडीफार दुरुस्ती होईल, तीही तुम्ही मनावर घेतलीत तर. नवा कुठे ठेवू, ते कळवा. तुमच्या टेबलाशेजारी जागा असेल, तर तिथे ठेवावा म्हणतो. खुर्ची माझी मी आणीन."

पाकीट टपालपेटीत अर्धं सरकवलं आणि हात तिथेच राहिला. मागे एक मुलगी आपलं पाकीट घेऊन उभी होती.

"आजोबा, टाकताय ना?"

"हो... टाकतो," मी म्हणालो, आणि सोडलं.