चुळबुळीचा रकाना

साताऱ्यात सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या चढावर दोन-तीन हजार माणसं असतात, आणि आवाज येतो तो फक्त बुटांचा.

शीळ कोणी घालत नाही. चढाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून "आई गं!" म्हणत कोणी थांबत नाही. ओळखीचं माणूस दिसलं तर काम असल्यास बोलतात, नसल्यास पुढे जातात. सगळे सडपातळ, सगळे ठणठणीत. वर पोचतात, पाणी पितात, उतरतात.

मृण्मयी खैरे त्यांच्यात रोज असते, नवऱ्याच्या चार पावलं मागे. तिच्या डोक्यात मोहरी नाही. त्यामुळे ती धापा टाकते, कुत्र्यांशी बोलते, वाकून उगाच एखादा खडा उचलते आणि टाकून देते. पुढे चालणारा निनाद वळून बघत नाही. ती मागे आहे हे त्याला माहीत असतं. मग बघायचं कशाला?

ही मोहरी काय भानगड आहे, ते सांगायला हवं. त्यासाठी दोन वर्षं मागे जाऊ, खैऱ्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी. टेबल हलतं आहे, कारण निनादचा गुडघा हलतो आहे.

फॉर्म

निनादचं वजन तेव्हा एकशे तीन किलो. पोवई नाक्यावर चष्म्याचं दुकान, तोंडाची टकळी अखंड चालू, आणि हृदयाची एक झडप निकामी. ऐंशीच्या खाली या, मग नवी झडप बसवू, आणि नंतरही ऐंशीच्या खालीच राहा, असं सर्जननी सांगितलं होतं. नवी झडप त्यापेक्षा जास्त भार ओढणार नव्हती.

समोर त्याची धाकटी बहीण ईशानी बसली होती. डॉक्टर ईशानी, पुण्याच्या संशोधन संस्थेतली. मोहरी तिच्याच गटाने शोधलेली.

"वन्सं, मला शाळेतल्या पोरीसारखं समजावा," मृण्मयी म्हणाली. नणंदेला 'वन्सं' म्हणणारी गावात आता ती एकटीच असेल. ती चिडवायला म्हणायची. "मी पाणी तपासणारी बाई. मला क्लोरीन कळतं, बाकी काही नाही."

"बरं. दादा रोज चालून तीनशे कॅलरी जाळून आला. आता घरी येऊन त्याने तीनशेचं खावं की नाही?"

"खावंच," निनाद म्हणाला. "अगं, दमून आलेल्या माणसाला उपाशी ठेवणार का तुम्ही?"

"यालाच परतघास म्हणतात. जाळलेलं परत तोंडात घालायचं. शंभर वर्षं लोक यावर भांडले. अर्धे म्हणायचे, परतघास घ्या, नाहीतर शरीर खंगेल. अर्धे म्हणायचे, घ्यायचाच होता तर चाललात कशाला? आणि शरीराला कोणीच विचारलं नाही. परतघास नाही मिळाला की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. ते हात आखडतं. कुठे आखडतं ते सांगत नाही. कधी अंगातली ऊब कमी करतं, कधी जखम भरायला वेळ लावतं, कधी हाडांचं काम लांबणीवर टाकतं. ही शरीराची कसर. माणूस गारठतो, आजारी पडतो, आणि वजन जागच्या जागी."

"माझ्या शरीराला कसर ठाऊक असती तर मी असा दिसलो असतो का गं?" निनादने पोटावर थाप मारली. गुडघा चालूच होता. बशीतला चहा हिंदकळला.

"मेंदूच्या बुडाशी ही कसर ठरते. तिथे आम्ही मोहरीएवढा एक दाणा बसवतो. तो शरीराला बजावतो, कसर करायची तर या एकाच ठिकाणी कर, बाकी कशाला हात लावायचा नाही. ते ठिकाण आटलं की शरीरापुढे दुसरा रस्ता उरत नाही. मग ते चरबीला हात घालतं. परतघास मात्र घ्यायचा नाही, एवढंच पथ्य."

'आटलं' म्हणजे नेमकं काय, हे मृण्मयीने तेव्हा विचारलं नाही. पुढे त्याची टोचणी तिला जन्मभर पुरणार होती.

ईशानीने फॉर्म तिच्याकडे सरकवला. तो घरच्यांनी भरायचा असतो. त्यात चार रकाने होते.

केस आणि नखं: दिवसाला सहा कॅलरी.
जखमा भरणे: चाळीस. (शस्त्रक्रिया ठरली असल्यास निवडू नये.)
अंगातली ऊब: दोनशे दहा.
चुळबुळ, म्हणजे निरुद्देश हालचाली: तीनशे वीस.

"ऊब घे की," निनाद म्हणाला. "स्वेटर घालीन. चुळबुळ गेली तर मी दुकानात करू काय? अगं मृणू, मी म्हणजे ना..."

तेवढ्यात गुडघा टेबलाच्या पायावर आपटला आणि चहा फॉर्मवर सांडला.

मृण्मयीने कागद पुसला. सत्तावीस वर्षं तो गुडघा टेबलाखाली, गादीवर, नाटकाच्या खुर्चीत हलत होता. बोटं मोडण्याचा आवाज, ताटावरचा ठेका, जेवताना पाच वेळा उठणं. तिने चौथ्या रकान्यात खूण केली. आकडा सगळ्यात मोठा होता, त्यामुळे कारण विचारायची वेळ कोणावर आली नाही.

काय केव्हा गेलं

मार्च: गुडघा. (घरात किती शांत वाटलं!)
एप्रिल: बोटं मोडणं.
जून: दाढी करताना आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करणं.
जुलै: शीळ. याच महिन्यात वजन एकोणऐंशी.
ऑगस्ट: शस्त्रक्रिया. झडप उत्तम बसली. मृण्मयीने सगळ्या वॉर्डला पेढे वाटले.
सप्टेंबर: "अगं".

तेच जेवण, दोनदा

कसरीआधी:

"अगं मृणू, ही भाजी म्हणजे ना... थांब, लोणचं आणतो. तू बस गं." उठला. बरणी आणली. चमचा विसरला. परत उठला. "आज काय झालं माहितेय का, दुकानात एक आजोबा आले. म्हणाले, बायकोला मी तरुण दिसेन अशी फ्रेम द्या. म्हटलं आजोबा, तुम्ही कशाला चष्मा घेताय, आजींचा काढून घ्या की!" ताटावर ठेका. "अगं, ऐकतेयस ना?"

कसरीनंतर:

"भाजी चांगली आहे. दुकानात एक आजोबा आले. त्यांना फ्रेम दिली."

जेवण सात मिनिटांत झालं.

वाक्यातून 'अगं' काढून टाकलं तर वाक्याचं काही बिघडत नाही. अर्थ तोच राहतो. 'ना', 'की', 'बरं का', 'म्हणजे कसं' हे सगळं काढा, तरी निरोप पोचतो. ही भाषेची चुळबुळ. तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून शरीराने तिच्यावरही कसर केली. निनाद रागावलेला नव्हता, दुःखी तर मुळीच नव्हता. प्रेम आहे का, असं मृण्मयीने एकदा विचारलं होतं. "आहे," तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. दुकानही जोरात होतं; गिऱ्हाइकाला आता लवकर सुटका मिळायची.

भाऊबीज

यंदा भाऊबीजेला सकाळी ईशानी आली. निनाद पाटावर बसला. तिने ओवाळलं. त्याने पाकीट काढलं, तबकात ठेवलं आणि उठला.

ईशानी तबक घेऊन तशीच स्वयंपाकघरात आली. मृण्मयी चकल्या काढत होती.

"दर वर्षी पाकीट पाठीमागे लपवायचा," ईशानी म्हणाली. "'आधी नाच,' म्हणायचा. पन्नाशीची मी, वहिनी, तरी कमरेवर हात ठेवून नाचायचे."

"गेल्या वर्षीही नाही नाचलात."

"गेल्या वर्षी शस्त्रक्रिया ताजी होती. मला वाटलं, थकवा असेल." तिने निरांजन ओट्यावर ठेवलं. "आम्ही प्रयोगात सगळं मोजलं होतं. रक्त, स्मरण, झोप, राग. निरुद्देश हालचालींचा उद्देश काय असतो, हे कसं मोजणार? उद्देश नाही म्हणूनच तर त्यांना ते नाव दिलं."

"तुमची काही चूक नाही. खूण मी केली."

"आकडा मोठा होता वहिनी. मीही तीच केली असती."

"आकडा बघून नाही केली मी." मृण्मयीने चकली झाऱ्यावर तशीच धरून ठेवली. "त्याचा गुडघा हलत होता. मला कटकट झाली. तो ऊब म्हणत होता, आणि मला त्या क्षणी एवढंच वाटलं, की हा माणूस एकदाचा गप्प बसावा."

तिने चकली परातीत ठेवली आणि पुढची तेलात सोडली.

"परतघास दिला तर?" मृण्मयीने विचारलं. "दाणा काढून टाकला, रोज पोटभर वाढलं, तर येईल परत?"

"शरीर दोन वर्षं दुष्काळात राहिलंय. आता मिळेल ते आधी साठवेल. आठ-दहा किलो चढतील, मग कदाचित एखादं बोट हलेल. कदाचित."

"आता सत्याहत्तर आहे."

"माहितेय."

"आणि झडप?"

ईशानीने पदराने डोळे पुसले, मग चष्मा. "त्यालाच विचार. शरीर त्याचं आहे. मी विचारलं तर डॉक्टरने विचारल्यासारखं होईल."

कशासाठी

ईशानी दुपारी गेली. मृण्मयीने बशीत एक बेसनाचा लाडू घेतला आणि निनादच्या पुढे ठेवला. तो खिडकीपाशी बसला होता. हात मांडीवर, दोन वस्तू ठेवाव्यात तसे ठेवलेले.

"हा खा."

"मी परतघास घेत नाही."

"आजपासून घे. रोज घे. दाणा काढून टाकू. तुझी चुळबुळ कदाचित परत येईल."

"वजन वाढेल. झडपेला धोका आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "कशासाठी?"

हट्ट नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मृण्मयीने कारण शोधलं. गुडघा हलावा म्हणून? भाजीला नावं ठेवावीत म्हणून? लोणच्यासाठी उठावं म्हणून? जे सांगायला जाई ते जिभेवर येताच पोरकट होऊन जाई.

"मला करमत नाही," ती शेवटी म्हणाली.

"करमण्यासाठी काय लागतं ते सांग. मी करीन. त्याला लाडू लागत नाही."

"सांगून केलेलं नको आहे रे मला."

"न सांगितलेलं मला कळणार नाही."

"निनाद, त्या फॉर्मवर खूण मी केली होती. तू ऊब म्हणाला होतास."

"आठवतं. बरोबर केलंस. ऊब कामाची आहे."

यात टोमणा असता तर तिने तो आनंदाने झेलला असता. टोमणा मारायलाही अंगात थोडं जास्तीचं काही असावं लागतं.

तिच्या मनात आलं, लाडू कुस्करून रोज भाजीत घालावा. त्याला कळणारही नाही. एक किलो, दोन किलो. आणि मग एखाद्या दिवशी ताटावर ठेका वाजेल, किंवा एखाद्या दिवशी झडप बंद पडेल. तिने बशी उचलली, लाडू डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

मग स्वयंपाकघराच्या दारातूनच ती म्हणाली, "सकाळी मी कामाला निघते, तेव्हा बाहेरच्या दारापर्यंत ये."

"येऊन?"

"उभा राहा."

"किती वेळ?"

तिला हे उत्तर द्यायचं नव्हतं. "मी गल्लीच्या वळणापर्यंत पोचेपर्यंत."

निनादने क्षणभर हिशेब केला. "तुझ्या चालीने चौऱ्याऐंशी सेकंद. ठीक आहे."

चौऱ्याऐंशी

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिने चपला घातल्या, आणि तो आला. न बोलावता आल्यासारखा. दाराच्या चौकटीत उभा राहिला. ऊन त्याच्या सदऱ्यावर पडलं होतं. समोरच्या घरातल्या बाईने पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, किती जीव आहे या दोघांचा एकमेकांवर.

मृण्मयी दहा पावलं चालली आणि वळली. तो होता.

तिला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याची तिला लाज वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही. ती पुन्हा वळली. कठड्यावरच्या मांजराला तिने उगाच हाक मारली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पाय रेंगाळू दिले. पुन्हा वळली. तो होता. पाठीवर कोणाची तरी नजर आहे, या भावनेने ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात चालायची तशी चालत राहिली.

वळण सात-आठ पावलांवर असताना तिने शेवटचं मागे पाहिलं. दार बंद होतं.

चौऱ्याऐंशी सेकंद झाले होते. त्याची काहीच चूक नव्हती. रेंगाळली ती.

ती वळणावर उभी राहिली. पाण्याचे नमुने दहाच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवे होते. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी तिचं डोकं कामाला लागलं. उद्या शंभर सांगू, तिने ठरवलं. मग मागे वळून बघायला लागणारा वेळही धरला, आणि एकशे दहा केले.