अकरा फोटो, बारावी ओळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धोंडुबाईंच्या मोबाइलने बाराव्या फोटोचं वर्णन वाचून दाखवलं. त्या संकेतस्थळावर फोटो अकराच आहेत.

संकेतस्थळ पन्हाळ्यावरच्या त्यांच्या होमस्टेचं. होमस्टे चालवतो त्यांचा मुलगा राजवर्धन. इंटरनेटवर शोधलं तर आपलं नाव चौथ्या पानावर येतं, म्हणून त्याने कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्नेहलला संकेतस्थळ सुधारायचं काम दिलं. तिने पानाचं शीर्षक सुधारलं, दोन ओळींचा गोषवारा लिहिला, मथळे नीट लावले आणि प्रत्येक फोटोमागे, पाहणाऱ्याला न दिसणारी, वर्णनाची एक ओळ घातली.

"सर्च इंजिनला फोटो दिसत नाही," तिने मला नंतर सांगितलं. "आपण काय लिहिलंय तेवढंच कळतं. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोनही तीच ओळ वाचतो."

धोंडुबाईंची नजर काचबिंदूने गेली आहे. आपलं घर फोनवर ऐकायचा त्यांना नाद लागला. फाटक, पायऱ्या, खोल्या, शेवटी पार्किंग. मंगळवारी पार्किंगनंतर फोन पुढे बोलला, "काळोख. गुडघाभर पाणी."

स्नेहलने पान तपासलं. अकरा फोटो, अकरा ओळी.

"काकू, दुसरंच काहीतरी लागलं असेल."

"डोळं गेल्यात माझं. कान न्हाईत."

बुधवारी ओळ वेगळी होती. "वर गोल आभाळ. हाक पोचत नाही."

गुरुवारी त्यांनी मला फोन केला. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचे पती केरबा बेपत्ता झाले, तेव्हा पेपरात बातमी मी लिहिली होती.

"माझा माणूस कुठं हाय एवढंच कळू दे, पावणं. जित्ता असू दे न्हाईतर मेल्याला. कुकू लावायचं का पुसायचं, ते तरी ठरवू दे की."

दुपारी तीनला मी व्हरांड्यात त्यांच्याशेजारी बसलो. राजवर्धन चहा घेऊन आला.

"आईचं ऐकून काय छापू नका हां. बुकिंग पडंल आमचं," तो हसत म्हणाला.

धोंडुबाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. अकरावी ओळ आली, "होमस्टेचं प्रशस्त पार्किंग." मग त्याच सपाट आवाजात:

"विहिरीच्या काठावर राजवर्धन. हातात माझी एक चप्पल."

वहीत मी ते वाक्य दोनदा लिहिलं आहे. दुसऱ्यांदा लिहिलेलं मलाच वाचता येत नाही.

"इथे विहीर कुठे आहे?" मी विचारलं.

"व्हती," धोंडुबाई म्हणाल्या. "गेल्या जूनात बुजवली ह्यानं. गाड्या लावायला."

राजवर्धनने ट्रे खाली ठेवला. "व्हायरस असतोय फोनमधी," तो म्हणाला आणि आत गेला.

केरबांची एक चप्पल गगनबावड्याला एसटी स्टँडच्या मागे सापडली होती. ज्याने ती शिवली होती त्या कारागिरानेच ती ओळखली. पोलिसांच्या विनंतीवरून मी ते छापलं नाही. घरच्यांनाही सांगितलेलं नव्हतं. माहीत होतं चौघांना: दोन पोलीस, तो कारागीर आणि मी.

त्याच संध्याकाळी मी पन्हाळा पोलीस ठाण्यात जबाब दिला.

शुक्रवारी सकाळी राजवर्धनने स्नेहलला संकेतस्थळ बंद करायला लावलं. तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

शुक्रवारी दुपारी पोलिसांनी पार्किंगवर जेसीबी आणला.

आज, शनिवारी, चार वाजेपर्यंत अठरा फूट माती निघाली. काही सापडलेलं नाही.

धोंडुबाई खुर्ची टाकून कडेला बसल्या आहेत. फोन मांडीवर.

संकेतस्थळ बंदच आहे. मी स्वतः पाहिलं.

चार वाजून सहा मिनिटांनी फोन बोलला.

"माती सैल होते आहे. उजेड."