न कापलेला फोन

सांगवीच्या समाधानला कुणी विचारलं, कामावर काय करतोस, तर तो म्हणायचा, "तारा जोडतो." खोटं नव्हतं ते. एसटीच्या थांब्यांवर फुकट वायफाय आणि त्यावरून फोन लावायची सोय देणाऱ्या कंपनीच्या बारामतीच्या ऑफिसात तो बसायचा. मार्चात सरकारी हुकूम आला. अंथुर्ण्याच्या इंद्रजितच्या नंबरवरचं सगळं बोलणं चाळीस दिवस तपासवाल्यांकडे वळवा. कुणाला सांगायचं नाही, स्वतः ऐकायचं नाही. समाधाननं जोडून दिलं, आणि आवाज नीट जातोय का बघायला एकदा हेडफोन कानाला लावला. तिथंच माती खाल्ली.

नंबर इंद्रजितच्या नावावर, पण फोन त्याच्या आईकडे, कुशाबाईकडे. ती रोज दुपारी थांब्यावर बसून पुण्यातल्या लेकीशी, दिशाशी बोलायची. भलतंच माणूस ऐकलं जातंय, हे वर कळवायला हवं होतं. पण तुला कसं कळलं, असं विचारलं तर? गडी गप्प बसला आणि रोज ऐकत राहिला. आवाज थेट त्याच्या गेलेल्या आईसारखा होता, काय करणार बिचारा.

म्हातारीला फोन कापता यायचा नाही. दिशाच कापायची. तेरा एप्रिलला मात्र ती गडबडीत फोन तसाच ठेवून कामाला लागली.

"दिशा... गेलीस व्हय?" मग नुसताच श्वास. "छातीत लई कळ येतीया गं... हितं कुणीबी न्हाय..."

समाधाननं स्वतःचा मोबाईल उचलला. अँब्युलन्सला एक फोन, बस्स. पण नाव विचारतील, कसं कळलं विचारतील, नोकरी जाईल. येईल की कुणीतरी, असं म्हणून त्यानं मोबाईल ठेवला आणि हेडफोनही काढून ठेवला.

कुणी आलं नाही. संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं तिला पाहिलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

महिन्याभरानं थांब्यावरची वायफायची पेटी तपासायचं निमित्त काढून तो इंद्रजितला भेटला.

"आईंचा फोन कुठंय?"

"बॅटरी काढून ट्रंकेत ठिवलाय, तिच्या लुगड्यात. दिशा लई रडती ओ. म्हणती, मी तवा ऐकत असते तर..."

सांगून टाकावं असं समाधानला फार वाटलं. पण तो पेटीचं झाकण लावून तसाच निघाला. त्याची आजही त्याला लाज वाटते.

परतला तेव्हा ऑफिसात कुणी नव्हतं. पंखा बंद, तापलेल्या तारांचा वास. हुकमाची मुदत संपली होती, जोडणी त्यानं स्वतः काढली होती. तरी पडद्यावर तोच नंबर हिरवा दिसत होता. कॉल चालू. सुरुवात, तेरा एप्रिल, दुपारी तीन बारा. पुढं सेकंद पळत होते.

त्यानं हेडफोन लावला. श्वास, अगदी कानाशी.

"ह्या बारीला ठिवू नगंस, बाबा..." कुशाबाई हळूच म्हणाली. "मला कापता येत न्हाय..."

समाधाननं हेडफोनची तार उपसली. आवाज थांबला नाही.

आता रोज दुपारी तो हेडफोन लावून बसलेला असतो, मधूनच मान हलवतो, "हो, आहे मी," म्हणतो. तार टेबलाखाली मोकळीच लोंबत असते.