गंधमौन

त्या काळी नव्या गाडीत बसणाऱ्याला पेट्रोलचा वास येत नसे. टाकी भरताना नाही, बॉनेट उघडल्यावर नाही, इंधन पायाखाली ठिबकत असलं तरी नाही. वाहनउद्योगाचं ते मोठं यश मानलं जाई. वैजयंता शिंत्रे यांना मात्र त्याची कल्पना नव्हती. त्या शिरोळकडच्या एका खेड्यात राहत आणि सायकलने फिरत. साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागात तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. मळी किती आंबली हे तिथे त्या यंत्राआधी नाकाने सांगत.

त्यांची मुलगी नेहल कोल्हापूरला राहायची आणि सांगलीच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. गाडी चालवताना तिचं डोकं दुखू लागलं, चक्कर येऊ लागली, म्हणून वैजयंताबाई सोबतीला आल्या. पहिल्याच सकाळी गाडीचं दार उघडताच त्या मागे सरकल्या.

"नेहल, आत पेट्रोल सांडलंय."

"कुठं? मला तर काही येत नाही."

"अगं, डोळे चुरचुरतायत माझे."

"आई, नव्या गाडीला वास नसतोच. तुला सवय नाही, म्हणून वाटतंय."

हे उत्तर त्यांनी तीन आठवडे ऐकलं. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावरच्या माणसाने गाडीला संगणक जोडला आणि पडद्याकडे बघत सांगितलं, "सगळं हिरवं आहे, मॅडम." गाडीकडे त्याने पाहिलंही नाही. डॉक्टरांनी नेहलला अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. मग एके दुपारी हातकणंगल्याजवळ नेहलच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी रस्ता सोडून उसात शिरली. दोघींना खरचटलंही नाही. वैजयंताबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. "आता केंद्रावर नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गाडी ओढून जयसिंगपूरला दस्तगीर मुलाणींच्या गॅरेजात नेली.

दस्तगीरने सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "मावशी, खोटं कशाला बोलू? वास मलापण येत नाही. रोज असल्या गाड्यांत डोकं घालतो मी. आणि कंपनीचं यंत्र फक्त इंधनाचा दाब बघतं. थेंब थेंब गळलं तर दाब पडत नाही."

"मग मी हुंगते. तुम्ही उघडा."

टाकीचं झाकण हुंगलं, ते ठीक होतं. इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या हुंगल्या, त्याही कोरड्या. दस्तगीरने मागची सीट उचलली. तिच्याखाली पत्र्याचं गोल झाकण होतं आणि त्याच्याखाली टाकीतला पंप. वैजयंताबाईंनी वाकून एकदाच श्वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "इथंच."

झाकण निघालं. पंपाभोवतीची रबरी रिंग फुगून तडकली होती. दस्तगीरने बोट लावलं तसा तिचा तुकडाच हातात आला. भोवतालचा पत्रा ओला होता.  मग त्याने नवी रिंग बसवली, झाकण आवळलं आणि चारही दारं उघडी ठेवून गाडी रात्रभर वाऱ्यावर सोडली. सुटा भाग बदलला की त्याचं कारण कंपनीच्या ऑनलाइन नोंदीत भरावं लागे; तिथे त्याने लिहिलं : दोष, इंधनाचा वास.

हे शब्द त्या कंपनीच्या नोंदींत चार वर्षांत कुणी लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मायलेकी गाडी न्यायला आल्या, तेव्हा ती नोंद वाचून आलेल्या डॉक्टर केतकी सबनीस तिथे थांबलेल्या होत्या. कंपनीच्या संशोधन विभागात त्या रसायनतज्ज्ञ होत्या.

"तुम्हाला वास आला, याचं मला आश्चर्य वाटलं," त्या म्हणाल्या. "गाडीत गंधमौन आहे. नाकातल्या पेशींवर बारीक कुलपं असतात, असं समजा. प्रत्येक वासाची किल्ली वेगळी. पेट्रोलच्या कुलपांत आम्ही एक मोडकी किल्ली अडकवतो. बाकीचे वास येत राहतात, हा एक तेवढा येत नाही."

"कशासाठी?"

"इंधनात इथेनॉल वाढलं, तशा रिंगा लवकर कुजायला लागल्या. वासाच्या तक्रारी फार वाढल्या. चांगल्या रिंगा महाग पडत होत्या."

"म्हणजे गळती बुजवायच्या ऐवजी तुम्ही नाकं बुजवलीत."

सबनीसबाई ती तडकलेली रिंग हातात उलटसुलट करत राहिल्या.

"आणि ती वाफ? ती कुठं जाते?"

"ती छातीत जातेच. फक्त कळत नाही."

"माझी पोर उसात गेली परवा. रस्त्याला ऊस नसता, विहीर असती तर? बंद करा ते."

"त्याला बटण नाही. सीटच्या आणि छताच्या कापडातच ते विणलेलं आहे, तिथून ते हवेत सुटत राहतं. आता सगळ्याच कंपन्या वापरतात."

"हिचं नाक परत येईल?"

"पेशी दोन महिन्यांत नव्या होतात. पण वर्षानुवर्षं निरोपच आला नाही, तर मेंदू त्या वासाकडे लक्ष देणं सोडून देतो. नक्की सांगता येणार नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मात्र या गाडीत बसू नका. महिन्याभरात तुमचंही जाईल."

वैजयंताबाईंनी मनात मोजलं. बावीस दिवस झाले होते.

"ही रिंग किती टिकेल?" त्यांनी दस्तगीरला विचारलं.

"सहा महिने, मावशी. कधी त्याच्या आधीच जाते."

नेहलला सकाळी सातच्या पाळीला पोचवणारी बस नव्हती. तिच्याजवळ वास घेणारं नाक एकच होतं, आणि ते वापरायचं तर तिच्या शेजारी बसावं लागणार होतं. वैजयंताबाईंनी सबनीसबाईंकडे असं पाहिलं, की त्यांनी नजर वळवली. मग वैजयंताबाई पुढचं दार उघडून आत बसल्या. दार त्यांनी इतक्या जोरात लावलं की काच खडखडली.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी अंकली पुलाच्या अलीकडे नेहलने विचारलं, "आई, येतोय का वास?"

वैजयंताबाईंनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग वळून मागच्या सीटकडे वाकून घेतला.

"नाही येत."

"म्हणजे रिंग टिकलीय."

 रिंग टिकली होती की नाक गेलं होतं, हे सांगणारं आता गाडीत कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझं डोकं दुखतंय का?"

"थोडंसं," नेहल म्हणाली. "ते नेहमीचंच आहे."